लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची बाजू

पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून गंगेच्या पाण्याची कावड उचलली ती रामेश्वराला वाहण्यासाठी. खांद्यावर कावड आणि पायाखाली निम्मा देश. रामेश्वर जवळ आलं तेव्हा वाळूत एक गाढव तहानेनं तडफडताना दिसलं आणि नाथांनी ते सगळं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. परंपरेनं चारशे वर्षं जपलेली ही गोष्ट मराठी घरात शाळेच्याही आधी कानावर पडते, म्हणूनच तिच्यातला व्यवहार आपण कधी तपासत नाही. तो तपासायला हवा. खर्चाच्या बाजूला कित्येक महिन्यांची पायपीट, केलेला संकल्प, सोबतच्यांची हळहळ. जमेच्या बाजूला एक गाढव उठून उभं राहिलं. ते कुणाला सांगणार नव्हतं, पैठणला येऊन परतफेड करणार नव्हतं, पाणी काशीचं की ओढ्याचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. गाढवाला गुळाची चव कळत नाही म्हणतात. तहान कळते, आणि त्या दिवशी तेवढंच पुरेसं होतं. व्यवहाराच्या कुठल्याही मापानं हा मूर्खपणा आहे. मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे आणि ती करताना ‘मूर्खपणा’ हा शब्द मी मागे घेणार नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं एका समासात मांडली आणि पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला. मूर्खांत प्रकार असतात हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. मी लिहितो आहे ते घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांबद्दल. घरचे त्यांना वेडे म्हणतात, शेजारी भोळे म्हणतात, आणि ज्यांना आपण माणसं ओळखतो असं वाटतं ते त्यांना लबाड म्हणतात. ‘शेवटी हे सगळं स्वतःसाठीच चाललेलं असतं,’ हा सिद्धांत छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून सिडकोपर्यंत कुठल्याही टपरीवर चहाबरोबर ऐकायला मिळतो. रक्त देणारा प्रशस्तिपत्रासाठी देतो, फुकट शिकवणारा नावासाठी शिकवतो, मुंग्यांना साखर घालणारी आजी पुण्यासाठी घालते. यातलं काहीच लागू पडलं नाही तर समाधानासाठी. निःस्वार्थ असं जगात काही नसतंच, असं म्हणून बोलणारा रिकामा ग्लास ठेवतो आणि बाकीचे माना डोलावतात.

या सिद्धांताची पकड भक्तांवरसुद्धा आहे. कीर्तनात गाढवाची गोष्ट गाढवापाशी संपत नाही. पुढे सांगतात की ते पाणी रामेश्वरालाच पोचलं, देवानंच ते स्वीकारलं. श्राद्धाच्या गोष्टीतही तेच. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाच्या वासानं गावकुसाबाहेरची भुकेली माणसं कासावीस झाली, नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं, निमंत्रित ब्राह्मणांनी पानावर बसायला नकार दिला आणि शेवटी पितर स्वतःच जेवायला उतरले. दोन्ही गोष्टींत वही जुळते. दिलेलं वाया गेलं नाही म्हणून ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. मला हा शेवट नको आहे. गाढव गाढवच असू द्या आणि पाणी त्याच्या पोटातच राहू द्या. देवानं पोच दिली म्हणून नाथ मोठे ठरत असतील तर ते दूरदृष्टीचे व्यापारी होते एवढंच म्हणावं लागेल. वारकरी वाचक म्हणतील की प्राणिमात्रांत देव पाहणं हीच नाथांची दृष्टी होती, आणि ते खरं आहे. पण ती दृष्टी पाणी ओतण्याच्या आधीची. पोचपावती नंतर आलेली आहे, आणि ती आपल्यासारख्यांच्या समजुतीसाठी आलेली आहे.

‘कीर्ती तर मिळाली ना?’ हा पुढचा प्रश्न. मिळाली. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पैठणच्या त्या अफाट जलाशयाला नाव पडलं नाथसागर. आता चारशे वर्षांनी आपल्या नावाचं धरण होईल या बेतानं गाढवाला पाणी पाजणारा माणूस कल्पून पाहा. त्याचा मूर्खपणा नाथांच्या मूर्खपणाला मागे टाकेल. फळ मिळालं म्हणून फळासाठी केलं, हे अनुमान कुठल्याच शेतकऱ्याला पटणार नाही. त्याच्या बांधावर सावलीला बसणाऱ्या वाटसरूसाठी त्यानं बाभूळ लावलेली नसते, तरी वाटसरू बसतोच.

नाथसागराचं नाव निघालंच आहे तर इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर माझी स्तुती भलत्यांच्या कामी येईल. त्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. गोदाकाठची काळी, कसदार जमीन. अशा माणसांच्या ‘त्यागा’बद्दल व्यासपीठांवरून पुष्कळ बोललं जातं. त्यांनी त्याग केला नाही, त्यांच्याकडून घेतलं गेलं. मोबदला वेळेवर आणि पुरा मिळाला असता तरीही ते घेतलेलंच राहिलं असतं. ज्याला नाही म्हणायची मुभा नव्हती त्याच्या नुकसानीला परोपकार म्हणणं हा शहाण्यांचा उद्योग आहे. घरातल्या ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांत शेवटी आणि उरलेलं खाल्लं तिच्या ‘त्यागा’चे गोडवे गाणंही त्याच जातीचं. मी ज्या मूर्खांची बाजू घेतो आहे त्यांना नाही म्हणता येत होतं. नाथांना गाढवाला वळसा घालून पुढे जाता येत होतं. सोबतचे गेलेच असते.

त्याच नाथसागराचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून पंपांनी उपसून छत्रपती संभाजीनगरला आणलं जातं आणि शहराच्या नळांना ते काही दिवसांआड, कित्येकदा बऱ्याच दिवसांआड येतं. इथे पाण्याचा दिवस घरच्या दिनदर्शिकेत सणासारखा मांडलेला असतो. टाकी, ड्रम, हंडे, टँकर, शेजारणीशी झालेली बाचाबाची, या सगळ्यातून या शहरातला माणूस पाणी म्हणजे काय हे शिकलेला आहे. आणि याच शहरात मार्च उलटला की रस्त्याकडेला पाणपोया उभ्या राहतात. चार बांबू, वर हिरवी जाळी किंवा जुनी ताडपत्री, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन रांजण, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. हल्ली रांजणांच्या जागी जारही असतात. स्वतःच्या घरी पाणी पुरवून पुरवून वापरणारा माणूस दुकानासमोर अनोळखी रिक्षावाल्यासाठी, हमालासाठी, घाटी रुग्णालयात पेशंटला भेटून आलेल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यासाठी विकतचं पाणी भरून ठेवतो. ते पिणारे त्याच्या दुकानातून काही घेत नाहीत. पितात, तोंडावर हात फिरवतात आणि चालू लागतात.

या शहराला पाणी देण्याची शहाणी परंपराही आहे. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून एकाहून अधिक वेळा विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं शहर, आणि डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात खेळवलं. नहर-ए-अंबरी हे अभियांत्रिकीचं थोर काम आहे, पण त्यात मूर्खपणा शोधून सापडत नाही. राजधानीला पाणी लागतं, फौजेला लागतं, पाण्याशिवाय गाव वसत नाही. राज्यकर्त्याचा स्वार्थ आणि रयतेची तहान एका नळातून वाहिली आणि सगळ्यांचं भलं झालं. स्वार्थानं चांगलं काम होतच नाही असं मी म्हणत नाही, पुष्कळ होतं. पाणचक्कीकडे वळलं की हिशेब जरा डळमळतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत, दूरच्या डोंगरातून आणलेल्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि पीठ पडायचं ते फकिरांसाठी, वाटसरूंसाठी. आज आला आणि उद्या गेला अशा माणसाच्या भाकरीसाठी एवढी पाण्याची करामत. लष्कराच्या भाकऱ्यांना निदान लष्कर तरी ओळखीचं असतं.

पाणपोईवर पाटी असते. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’ खाली तमुक परिवार आणि दुकानाचं नाव, कधी नगरसेवक होऊ पाहणाऱ्याचं हसरं छायाचित्र. सिद्धांतवाल्यांना इथे आपली केस जिंकल्यासारखं वाटतं. मला ती पाटी खटकत नाही. गेलेल्या आईचं नाव कुठे तरी राहावं ही इच्छा स्वार्थाची असेल तर असू द्या, तहानलेला माणूस पाटी वाचून पीत नाही. खटकतं ते दुसरंच. रुग्णालयात केळी वाटताना घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला जातो, तिथे मात्र देणारा काहीतरी परत घेऊन जातो, आणि ते त्या रुग्णाकडे आधीच थोडं उरलेलं असतं. फोटो काढायचाच तर देणाऱ्याचा काढावा. वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानं नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करायला लावला, देणगीदाराला ८०जीची पावती मिळते, हे सगळं उपयोगी आहे आणि त्यातून शाळांना खोल्या मिळाल्या आहेत. त्याची स्तुती करणारे अहवाल भरपूर निघतात. माझी गरज तिथे नाही.

देणाऱ्यानं घेणाऱ्याला लहान करू नये ही गोष्ट या शहराला फार मोठ्या माणसानं शिकवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. देशाचे कायदामंत्री, शरीर मधुमेहानं पोखरलेलं, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभं केलेलं. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कोरड्या, मागे राहिलेल्या मराठवाड्यात पुन्हा जमीन, पैसे, इमारती यांच्या मागे धावायची त्यांना वैयक्तिक गरज काय होती? पण त्यांनी याला उपकार कधीच मानलं नाही. शिकणं हा त्या मुलांचा हक्क होता आणि हक्क पोचवणं हे काम होतं. महाविद्यालयाला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचं आणि परिसराला नाव दिलं त्याला उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी पाटी धरली नव्हती अशा मुलांना सांगणं होतं की इथे येऊन प्रश्न विचारा, हात जोडू नका. परोपकाराला दयेपासून वेगळं काढायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

या जिल्ह्याच्या दगडातही स्वार्थ की परार्थ हा वाद कोरलेला आहे. अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकाची लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान केली आणि ते लेखात लिहवून ठेवलं. सतराव्या लेणीतल्या लेखात एका मांडलिक राजपुत्राचा धाकटा भाऊ गेल्याचं दुःख आहे, आणि त्या दुःखातून थोरल्यानं खर्चाला मागेपुढे न पाहता केलेल्या धर्मकार्याचं वर्णन आहे. सव्विसाव्या लेणीच्या लेखात बुद्धभद्र नावाचा भिक्खू आपल्या मंत्री-मित्राला आणि आईबापांना स्मरतो. सगळ्यांची नावं आहेत. पाचव्या शतकातल्या या पाट्याच. आयुष्यभर अजिंठा अभ्यासलेले वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं असं की इसवी सन ४७७ च्या सुमाराला हरिषेण वारला, मोठ्या दात्यांची कामं अर्ध्यावर थांबली, आणि मग लहानसहान दाते धावत आले. जिथे रिकामी भिंत दिसेल तिथे, दुसऱ्याच्या आखीव लेणीत, आपापला एक बुद्ध कोरून किंवा रंगवून घेऊ लागले. देणाऱ्यांची ही झुंबड वाचताना हसू येऊ शकतं. पुण्य पदरात पाडून घेण्याची घाई आणखी वेगळी काय दिसते?

पण त्या छोट्या चित्रांखालच्या लेखांतला मजकूर पाहा. ते सांगतात की ही अमक्या शाक्यभिक्षूची धर्मदेणगी आहे, आणि तिच्यातून जे पुण्य निघेल ते माझ्या आईवडिलांना आणि सगळ्या प्राणिमात्रांना सर्वोच्च ज्ञान मिळावं यासाठी असो. हा ठरलेला साचा आहे, अनेक लेखांत जवळपास त्याच शब्दांत येतो. कदाचित बरेच जण न विचार करताही लिहवून घेत असतील. तरी साच्यात काय आहे ते महत्त्वाचं. माणूस आयुष्याची पुंजी घालून पुण्य मिळवतो आणि ते मिळताक्षणी सगळ्या जिवांच्या नावे करून टाकतो. त्यात त्याचा शत्रू आला, पुढच्या लेणीतला प्रतिस्पर्धी आला, वाघूर नदीच्या डोहातले मासे आले. नाव माझं, फळ सगळ्यांचं. स्वार्थ आणि परार्थ यांत एकच खरा असला पाहिजे या हट्टानं या वाक्याकडे पाहिलं तर काहीच हाती लागत नाही. त्या दात्याला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मागताना त्याला संकोच वाटला नाही.

आता समाधानाचा मुद्दा, कारण सगळी तटबंदी पडली की सिद्धांतवाले या बुरुजावर येतात. द्यायचा आनंद मिळतो म्हणून माणूस देतो, आणि आनंद त्याचाच, म्हणजे स्वार्थच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्ज हा तत्त्वज्ञ माणूस मुळात स्वार्थी असतो या मतासाठी प्रसिद्ध होता. त्याचा चरित्रकार जॉन ऑब्री सांगतो की हॉब्जनं एकदा एका वृद्ध भिकाऱ्याला पैसे दिले. का दिलेस असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की त्या म्हाताऱ्याची अवस्था पाहून मला त्रास होत होता, देण्यानं त्याला बरं वाटलं आणि मलाही. हॉब्जचे चाहते हे उत्तर जिंकल्यासारखं सांगतात. मी विचारतो, त्रास का होत होता? ज्याला फक्त स्वतःचं पडलं आहे त्याला अनोळखी म्हाताऱ्याच्या फाटक्या अंगरख्याचा त्रास होण्याचं कारण नाही. त्याला रस्त्याची दुसरी बाजू पुरली असती. आधी दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं, मग ते कमी झाल्यावर बरं वाटतं. अठराव्या शतकात बिशप जोसेफ बटलर यांनी हॉब्जसारख्यांना हाच क्रम दाखवून दिला होता.

याची परीक्षा पाणपोईवर करता येते. रांजण भरणाऱ्या दुकानदाराला समजा कुणी सांगितलं की रांजणाला तडा गेला आहे आणि पाणी गटारात जातं, पण आम्ही अशी व्यवस्था करतो की हे तुम्हाला कधी कळणार नाही, तुमचं समाधान जसंच्या तसं राहील. समाधान हाच माल असेल तर यापेक्षा स्वस्त सौदा नाही. मी ओळखतो त्यातला कुणीही हा सौदा घेणार नाही. तो आधी रांजण बदलेल. त्याला पाणी पोचायला हवं आहे. समाधान येईल तेव्हा येईल, कुणी पेला ढापला की तेही जातं आणि तरी दुसऱ्या दिवशी रांजण भरलेला असतो.

जीवशास्त्रानं या वादात विसाव्या शतकात मोठी भर घातली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टननं गणितानं दाखवलं की आपल्या रक्ताच्या नात्यातल्यांसाठी झीज सोसण्याची प्रवृत्ती निसर्गनिवडीत टिकू शकते, कारण नातलगांत आपलीच जनुकं असतात. भारतात येऊन इथले नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन त्याआधीच गमतीनं म्हणायचे असं सांगतात की एका भावासाठी नाही, पण दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी मी नदीत उडी घेईन. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं परतफेडीच्या आशेनं टिकणारा परोपकार मांडला, आणि १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सननं कोस्टारिकातली रक्तपिपासू वटवाघळं उपाशी राहिलेल्या सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतात आणि ज्यांनी आधी भरवलं त्यांना जास्त भरवतात हे नोंदवलं. टपरीवरचा सिद्धांत आता विज्ञानाचा कोट घालून येतो: बघा, जनुकांचा स्वार्थ. पण जनुकाला मन नाही, त्याला हवं-नकोही नाही. प्रवृत्ती कुठून आली हे या गणितानं सांगितलं. माणसाला त्या क्षणी काय हवं होतं, हे ते सांगत नाही. गाढव नाथांच्या कुठल्या चुलतघराण्यातलं होतं?

याच गणितातला सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे जॉर्ज प्राइस. अमेरिकेतून लंडनला आला, जीवशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं, आणि १९७० मध्ये त्यानं निसर्गनिवडीचं एक समीकरण प्रसिद्ध केलं जे आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं. परोपकार केव्हा टिकतो आणि केव्हा नाही, हे त्यातून काढता येतं. समीकरण हाती आल्यावर हा माणूस आपलं सगळं देऊन टाकू लागला. रस्त्यावरच्या बेघरांना घरी आणलं, पैसे दिले, कपडे दिले, शेवटी राहती जागाही गेली. १९७५ च्या जानेवारीत त्यानं आपलं आयुष्य संपवलं. त्याच्या अंत्यविधीला मोजकी माणसं होती, त्यांत हॅमिल्टन होता. स्वार्थाचं गणित सर्वांत नेमकं मांडणाऱ्यालाच त्या गणितात राहवलं नाही, एवढं म्हणून मी पुढे सरकू शकत नाही. मूर्खपणाची स्तुती करणाऱ्यानं प्राइससमोर थांबलं पाहिजे. देणारा एकटा पडला की देणं त्याला खाऊन टाकतं. त्याच्याकडून घेणारे अनेक होते, आणि त्याच्यासाठी भाकरी भाजणारं त्या शहरात फारसं कुणी नव्हतं. पाणपोई भरणाऱ्याच्या घरी पाणी आलं का, हे विचारणारा शेजारी लागतो. आपल्याकडे वेड्याला वेडा म्हणतात पण ताटही वाढून ठेवतात, ही पद्धत टिकवण्यासारखी आहे.

आणि आता कायदा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जिवंत माणसाला मूत्रपिंड द्यायचं असेल तर आधी नातं विचारलं जातं. आईबाप, मुलं, भावंडं, पती-पत्नी, पुढच्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं. त्या बाहेरच्या कुणाला द्यायचं असेल तर प्राधिकार समितीसमोर जाऊन प्रेम किंवा जिव्हाळा सिद्ध करावा लागतो आणि पैशांचा व्यवहार नाही हे पटवावं लागतं. कुणी समितीला सांगितलं की मी या माणसाला ओळखत नाही, माझं त्याच्याकडे काहीही नाही, तरी मला द्यायचं आहे, तर त्याचा अर्ज सर्वांत संशयास्पद ठरेल. कायद्याच्या डोळ्यांना शुद्ध परोपकार आणि चोरटा बाजार सारखेच दिसतात. मी कायद्याला दोष देत नाही. गरिबांच्या शरीरांचा जो बाजार देशात भरला होता, त्यानं हा संशय कमावलेला आहे. १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली तीही याच अनुभवातून. लबाड इतके झाले की मूर्खांनाही ओळखपत्र मागावं लागतं.

एका दारात मात्र कायदा नातं विचारत नाही. अपघातानंतर एखाद्याचा मेंदू थांबतो, हृदय यंत्रांच्या आधारानं चालू असतं, चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करतं. मग एक समुपदेशक घरच्यांना विचारतो. महाराष्ट्रातल्या चार विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रांपैकी एक आपल्या शहरात आहे आणि २०१६ पासून मराठवाड्यातून असं दान होत आलेलं आहे. हो म्हणणारी घरं बहुतेकदा साधी असतात, मुलगा मोटारसायकलवरून कामाला गेलेला असतो. त्यांना अवयव कुणाला गेले हे सांगितलं जात नाही, घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाव कळत नाही. पाटी नाही, पावती नाही, परतफेडीला पत्ता नाही. समाधानाचं म्हणाल तर ज्या तासाला हा निर्णय घ्यावा लागतो त्या तासाला त्या घरात समाधान नावाची वस्तू शिल्लक नसते. कितीतरी घरं नाही म्हणतात आणि त्यांना ते म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. हो म्हणणाऱ्यांच्या वहीत स्वार्थ कुठल्या रकान्यात भरायचा हे टपरीवरच्या सिद्धांतवाल्यांनी मला दाखवावं.

तुमच्या मनात हा मूर्खपणा करायचा असेल तर एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. प्रतिज्ञापत्र भरून कार्ड खिशात ठेवल्यानं भागत नाही. आपल्याकडे त्या वेळी घरच्यांची संमती घेतली जाते, आणि ज्या घरात हा विषय कधी निघालेला नसतो तिथे गोंधळात नकारच येतो. आज रात्री जेवताना बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला सांगून ठेवा. ते म्हणतील, जेवताना कशाला असलं अभद्र बोलता. बोला.